अकरा ट्रॅक, वीस महिने: हाउस-ट्रान्सचं कंपायलेशन काढताना

आकडे आधी सांगते, कारण मी शोधत होते तेव्हा नेमके तेच कुठे सापडत नव्हते. हाउस आणि ट्रान्स, म्हणजे क्लबात नाचायला वाजतं ते इलेक्ट्रॉनिक संगीत; त्यातले इतरांचे अकरा ट्रॅक मी एका अल्बमात सलग गुंफले. जून 2023 ला सुरुवात, 21 फेब्रुवारी 2025 ला प्रकाशन. खर्च दोन लाखांच्या जरा आत. उत्पन्न शेवटी सांगेन, हसायला काहीतरी राहू दे. अल्बमचं नाव मुद्दाम देत नाहीये, जाहिरात करायची नाही. इतरांचे ट्रॅक रीतसर परवानगी घेऊन एकत्र बांधायची कुणाला इच्छा असेल आणि माझ्यासारखीच कुठे ओळखपाळख नसेल, तर हे वाचून दोन-चार महिने तरी वाचावेत.

मी डबिंग स्टुडिओत साउंड एडिटर आहे. नोकरी अंधेरीत, खोली लालबागला. डीजे नाही, क्लबात कधी वाजवलेलं नाही.

पावसाआधी माळा उतरवला तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत दादाच्या सीडी निघाल्या. कॉलेजात असताना तो काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये बूथात उभा राहून फुकट ऐकायचा आणि विकत मात्र फोर्टच्या फुटपाथवरून घ्यायचा. (ते दुकान 2016 मध्ये बंद झालं. फुटपाथवरचे सीडीवालेही गेले.) त्या ट्रंकेत सरळसरळ दोन जातीच्या सीडी होत्या. एक, दोन डिस्कांवर चाळीस गाणी कोंबलेल्या, प्रत्येक गाणं साडेतीन मिनिटांत कापलेलं. दुसऱ्या म्हणजे नव्वदच्या दशकातल्या मिक्स मालिका. साशा आणि डिगवीड या डीजेंची 1994 ची तीन डिस्कांची ‘रेनेसान्स’, आणि 1996 पासून एकेका शहराच्या नावाने निघालेल्या ‘ग्लोबल अंडरग्राउंड’मधल्या दोन.

पहिल्या जातीच्या सीडी ऐकताना माझं बोट सतत ‘पुढे’च्या बटणावर. दुसऱ्या लावल्या आणि भांडी घासून, ओटा पुसून झाला तरी एक गाणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे कळलंच नाही. दिवसभर आवाजाचे सांधे लपवायचं काम करणाऱ्या बाईला सांधा सापडत नाही म्हटल्यावर मी हेडफोन लावून परत बसले. तिथून खूळ डोक्यात शिरलं.

यादी करणं हा सगळ्यात सुखाचा भाग. जुलै ते डिसेंबर 2023 मी फक्त ऐकलं. चौसष्ट ट्रॅक जमले. मग गाळायला लागले आणि तेव्हा पहिल्यांदा उमगलं की हाउस आणि ट्रान्स एका डिस्कवर घेणं ही भलतीच अडचणीची गोष्ट आहे. बाहेरून दोन्ही सारखेच वाटतात, चार मात्रांवर चार किक (ड्रमचे जड ठोके). पण हाउस शिकागोचं. ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स हा डीजे वाजवायचा, नावही तिथूनच आलं म्हणतात. त्याची मजा एका जागी रेंगाळण्यात आहे. बेसलाइन घोळवत राहते, दोन मात्रांच्या मध्ये हाय-हॅट (झांजेची टिकटिक) चिमटा काढते, आणि सहा मिनिटांत फारसं काही घडत नाही तरी पाय थांबत नाहीत. ट्रान्स नव्वदच्या सुरुवातीला जर्मनीत, मुख्यतः फ्रँकफर्टच्या आसपास रुजला. त्याला कुठेतरी पोचायचं असतं. सूर चढत जातात, मध्येच किक काढून घेतात, तो ब्रेकडाउन, आणि मग सगळं एकदम परत येतं. हाउस साधारण मिनिटाला 120 ते 128 मात्रांच्या लयीत, ट्रान्स 130 ते 140. ट्रान्सच्या मागून हाउस लावलं की ते मिरवणुकीनंतर रिकाम्या झालेल्या रस्त्यासारखं लागतं. म्हणजे आधी हाउस, मग ट्रान्स, एवढं ठरलं.

“हे सगळं बाहेरचं, तुला काय त्याचं?” असं ऑफिसात कुणी म्हणालं की मी हिंदी सिनेमांतले वादक चरणजित सिंग यांचं नाव घेते. 1982 मध्ये याच मुंबईत त्यांनी रोलंडचं 808 ड्रम मशीन, 303 बेस आणि ज्युपिटर-8 सिंथेसायझर घेऊन दहा रागांची रेकॉर्ड काढली. तेव्हा ती कुणी विचारली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक डोकं खाजवत बसले, कारण हाउस जन्मायच्या आधीच ती हाउससारखी वाजत होती. ट्रान्सचं तर एक माहेर इथून रात्रभराच्या बसवर, गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर.

गाळताना माझे नियम आपोआप तयार होत गेले. रेडिओसाठी कापलेली आवृत्ती नको. पूर्ण लांबीच्या ट्रॅकला सुरुवातीला आणि शेवटी नुसत्या ठेक्याची मोकळी जागा असते, जोड तिथेच बसतो. एका लेबलचे (रेकॉर्ड कंपनीचे) दोनाहून जास्त नकोत, नाहीतर ते त्यांचं कॅटलॉग होतं. शब्द असलेले दोन ट्रॅक लागोपाठ नकोत. मोठे ब्रेकडाउन लागोपाठ तर नकोतच. सारखं काय डोळे मिटून हात वर करायचे? आणि सगळ्यात आवडता ट्रॅक पहिला लावायचा नाही. पहिली आठ मिनिटं ऐकणारा अजून चपला काढत असतो. लांबी मी सीडीच्या 74 मिनिटांत बसवायची ठरवली. ऑनलाइनला तशी सक्ती नाही, पण ही चौकट नसती तर माझी यादी चौसष्टवरच राहिली असती. तीन तासांच्या मिक्समध्ये काहीही खपतं.

डिसेंबरअखेर एकोणीस ट्रॅक उरले.

जानेवारी 2024 मध्ये मी तेवीस मेल पाठवले. पहिल्या आठवड्यात उत्तर एकाचंही नाही. चूक माझी होती. “तुमचं संगीत मला फार आवडतं” याने सुरुवात करून तीन परिच्छेद लिहिले होते. दुसऱ्या खेपेला सात ओळी लिहिल्या: कोणता ट्रॅक, कोणती आवृत्ती, कोणत्या स्वरूपात (डिजिटल आणि वाटायला 100 सीडी), कोणते देश, किती वर्षं, अनन्य हक्क नकोत, आगाऊ रक्कम किती, कमाईतला वाटा किती. तीन आठवड्यांत चौदा उत्तरं आली. होकार नऊ, नकार तीन, आणि दोघांनी सांगितलं की हक्क आता आमच्याकडे नाहीत, अमुक कंपनीला विचारा. त्या कंपनीने तिसरीचं नाव सांगितलं. तो धागा मी सोडून दिला.

इथे एक समजून घ्या, मला उशिरा समजलं. एका ट्रॅकमागे दोन मालक असू शकतात. रेकॉर्डिंगचा हक्क बहुधा लेबलकडे, आणि मूळ रचनेचा हक्क संगीतकाराकडे किंवा त्याच्या प्रकाशकाकडे. लेबलने हो म्हटलं की झालं असं नसतं. स्वतःच्या खोलीत बसून सगळं करणाऱ्या स्वतंत्र कलाकाराकडे दोन्ही असतात, म्हणून पहिल्या कंपायलेशनला अशी मंडळी जास्त घ्यावीत. माझ्या अकरांपैकी सहा इथलेच होते, ठाणे, पुणे, बंगळुरू, आणि एक चक्क आमच्या करी रोडचा.

एका जर्मन लेबलने करारात एक कलम मागितलं, जे एकाला ते सगळ्यांना. कमाईतला वाटा सर्वांना सारखाच. मला ते पटलं. निव्वळ कमाईच्या निम्मे कलाकारांना, त्याचे अकरा सारखे भाग. आगाऊ रक्कम मात्र सारखी नव्हती. इथल्यांना मी चार-चार हजार दिले, डच आणि जर्मन लेबलांना ट्रॅकमागे 200 आणि 150 युरो. इथल्या कुणी जास्त मागितलं नाही आणि मी आपणहून दिलं नाही. ते मला अजून टोचतं.

फेब्रुवारीत कळलं की परदेशी पैसे पाठवायचे आणि वितरकाकडून (अल्बम ऑनलाइन सेवांवर चढवणाऱ्या कंपनीकडून) घ्यायचे तर धंद्याच्या नावाने चालू खातं बरं. त्यासाठी गुमास्ता (दुकान-धंद्याची नोंद) आणि उद्यम (छोट्या उद्योगांची) नोंदणी. उद्यम सरकारी संकेतस्थळावर पूर्ण फुकट आहे. मी पहिल्यांदा सरकारी दिसणाऱ्या दुसऱ्याच संकेतस्थळावर 1,499 रुपये भरून बसले. गुमास्त्याला, तेव्हा (2024 मध्ये) दहापेक्षा कमी माणसं असतील तर, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असायची, ती एका संध्याकाळी झाली. बँकेत मात्र अडकलं. खोली पागडीची, बेस्टचं लाइट बिल आजोबांच्या नावाने, आणि आजोबा जाऊन सव्वीस वर्षं झाली. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, “यांची सही आणा.” बाबा शेजारीच उभे होते, म्हणाले, “मीच येतो वर जाऊन, घेऊन.” शेवटी बाबांच्या नावाची भाडेपावती, त्यांचं ना-हरकत पत्र आणि मृत्यूचा दाखला यांवर काम झालं. चार चकरा, एकोणीस दिवस. तुमचंही बिल आजोबांच्या नावावर असेल तर आधी ते बदलून घ्या, मग संगीताचं बघा.

लेबलचं नाव ट्रेडमार्क करावं का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझ्यासारख्या एकट्या व्यक्तीला एका वर्गाला (माल किंवा सेवेच्या एका प्रकाराला) ऑनलाइन 4,500 रुपये. मी ते पुढे ढकललं.

आता त्या ट्रॅकबद्दल लिहायलाच हवं. ठाण्याच्या एका मुलाने केलेलं हाउस, 128 ची लय, आणि त्यात जुन्या लावणीच्या रेकॉर्डवरून उचललेला बाईचा आवाज. दोनच सेकंदांचा तुकडा, पण त्याने तो असा चिरून पेरला होता की दर आठव्या मात्रेला ती बाई दारातून डोकावून जातेय असं वाटायचं. माझ्या यादीत तो सातवा होता. हाउसमधून ट्रान्सकडे जायचा पूल तोच. बाकी सगळी रांग मी त्याच्याभोवती लावली होती.

“दोनच सेकंद आहे ताई, सात सेकंदांपर्यंत चालतं.” हे त्यानेच नाही, मला चार जणांनी सांगितलं. वकीलबाईंनी (करारांचा मसुदा आणि सल्ला मिळून दहा हजार) कायदा पुढे ठेवला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची सूट कुठेही नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं, आणि गीत-संगीताचा, रचणारा गेल्यानंतर साठ वर्षं. ती रेकॉर्ड सत्तरच्या दशकातली. आम्ही हक्क असलेल्या कंपनीला लिहिलं. सात आठवड्यांनी उत्तर आलं, त्यातला आकडा माझ्या सगळ्या बजेटच्या दुप्पट होता. मग त्या मुलाने एका गायिकेकडून तीच ओळ गाऊन घेतली. चालीचा आणि शब्दांचा प्रश्न तसाच राहिला, आणि त्या जुन्या तबकडीची खरखर गेल्यावर ती बाई दारातून डोकावेनाशीच झाली. जूनमध्ये ट्रॅक काढला. तो मुलगा माझ्यापेक्षा शांत होता. मी दोन आठवडे फाइलच उघडली नाही.

तर सहावा ट्रॅक 126 वर संपतोय, पुढचा 130 वर सुरू होतोय, आणि मध्ये खड्डा. चार आकड्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. सॉफ्टवेअरमध्ये हळूहळू ओढून नेता येतं, स्वर न हलवता लय चढवायची सोय असते. मी तसं सोळा तऱ्हांनी केलं. दर वेळी ऐकताना घशात आवंढा अडकल्यासारखं. ऐकणाऱ्याला लय बदललेली कळत नाही, पण कुणीतरी मागून ढकलतंय एवढं कळतं.

17 जुलै, आषाढी एकादशी. आमच्या चाळीत मंडळाचं भजन असतं आणि बाबा पखवाजावर. मी चहाचे कप भरत कान तिकडे ठेवून होते. रूपाचे अभंग झाले, आणि गौळणीकडे वळायच्या आधी बाबांनी हात उचलला. टाळ थांबले. नुसता ‘जय जय रामकृष्ण हरी’चा गजर, कशाचाच ठेका नाही, फक्त आवाज आणि वीणा. मिनिटभर सगळे त्यात तरंगले. मग बाबांनी एक छोटा मुखडा वाजवला आणि गौळण दुप्पट उत्साहाने उभी राहिली. लहानपणापासून ऐकत आलेय, पण त्या दिवशी कप हातातच राहिला.

रात्री त्यांना विचारलं, “तुम्ही मध्ये थांबता ते का?”

“लय ओढून चढवली की टाळकरी फाटतात,” ते म्हणाले. “आधी सोडायची. आधीची लय अंगातून उतरली की मग दुसरी धरायची. थांबलो नाही तर मागचे तिघं मागच्याच लयीत राहतात, तुला ऐकू नाही आलं कधी?”

आलं होतं की. त्याच मागच्या तिघांत एक आमचे सासवडचे काका असतात.

सातव्या जागेवर आता जो ट्रॅक येणार होता तो इंग्लंडमधल्या एका स्वतंत्र कलाकाराचा. हक्क सगळे त्याचे. मी लिहून विचारलं, किक आणि बेस वगळून नुसते पॅड (लांब धरलेले सूर) आणि तंतुवाद्यांचे थर वेगळे देशील का? करारात ‘संपादनास परवानगी’ हे कलम निराळं घालावं लागलं. ते नसेल तर दोन बार (चार मात्रांचा एक बार) कापणंसुद्धा कराराबाहेर जातं, लक्षात ठेवा. त्याने चार दिवसांत थर पाठवले. त्यातून मी दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा बिनठेक्याचा तुकडा बांधला. सहाव्याची किक विरते, हाय-हॅट थोडी रेंगाळते, तीही जाते. मग नुसते सूर. 130 ची किक येते तेव्हा 126 कुणाच्या अंगात उरलेली नसते.

स्वर जुळवायला डीजे लोक एक चक्र वापरतात, घड्याळासारखे बारा आकडे आणि प्रत्येकाला दोन अक्षरं. 8ए म्हणजे ए मायनर. त्याच्या शेजारचे 7ए, 9ए किंवा 8बी घेतले की सहसा खटकत नाही. त्याचा उपयोग आहे, पण गुलामी नको. माझ्या दहा जोडांपैकी दोन या चक्रात बसत नाहीत आणि तेच मला सगळ्यात आवडतात, कारण तिथे फक्त ठेके एकमेकांवर आहेत, सूर आलेलेच नाहीत. चक्रापेक्षा वाक्यं मोजा. हे संगीत बत्तीस-बत्तीस बारांच्या वाक्यांत बोलतं. बत्तीस बार म्हणजे 128 मात्रा, आणि लय 128 असेल तर बरोबर एक मिनिट. समेवर न आलेला जोड कितीही सुरेल असो, बाबा दुसऱ्या खोलीतून “हं?” करतात.

ऑगस्ट ते नोव्हेंबर करार आणि कर. पहिले तीन स्थानिक करार 100 च्या स्टॅम्पपेपरवर झाले. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रात 100 आणि 200 चे दिवस संपले, उरलेले तीन 500 च्या. मी आळस केला नसता तर बाराशे वाचले असते.

परदेशी पैशांची गोष्ट मोठी आहे, थोडक्यात सांगते. परदेशातल्या माणसाला रॉयल्टी देताना इथे कर कापून भरावा लागतो. त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागतो. आपल्या कायद्याचा दर 20 टक्के आणि वर सेस. पण त्या देशाशी करार असेल तर कमी, जर्मनी आणि नेदरलँड्सला 10, ब्रिटनला 15. कमी दर लावायचा तर समोरच्याने आपल्या देशाचा रहिवासी दाखला आणि इथल्या पोर्टलवर भरलेला फॉर्म 10एफ द्यायला हवा. लेबलांकडे दाखले तयार होते. इंग्लंडच्या त्या एकट्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा असा दाखला मागितला, त्याला अकरा आठवडे लागले. शंभर पौंडांसाठी. मी दर सोमवारी विचारायचे, तो दर सोमवारी माफी मागायचा, आणि अख्ख्या अल्बमचा पूल त्याच्यावर टेकलेला. परदेशातल्या तिघांनीही “आम्हाला रक्कम पूर्ण हवी” असं लिहून घेतलेलं, म्हणजे कर माझ्याच खिशातून. सुमारे नऊ हजार.

दादरच्या सीएकाकांनी वर आणखी सांगितलं, “अगं, बाहेरून हक्क घेतलेस ना, त्यावर 18 टक्के जीएसटी तूच भरायचा, रिव्हर्स चार्ज. आणि उलाढाल शून्य असली तरी नोंदणी लागते.” तेरा हजार आणि काही. एक गोष्ट मात्र सोपी निघाली. वर्षभरात पाठवायची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर 15सीए (परदेशी पैसे पाठवताना भरायचा फॉर्म) चा फक्त पहिला भाग पुरतो, सीएचं 15सीबी प्रमाणपत्र लागत नाही. बँकेतल्या माणसाने ते मागितलं, काकांनी नियम छापून दिला. काकांची फी बारा हजार, बँकेचे दर खेपेला दीड हजार. हे सगळं 2024-25 चं. तुम्ही कराल तेव्हा फॉर्मांची नावं तपासून घ्या.

मधल्या काळात गणपती आले. 7 सप्टेंबरला प्रतिष्ठा, आणि नवव्या-दहाव्या दिवशी दुपारी मंडप रिकामा असताना मंडळाच्या पोरांनी मला स्पीकर दिले. कच्चं मिक्स लावलं. पहिले आठ ट्रॅक ठीक. नववा लागला आणि बेस गायब! नुसती वरची टिकटिक.

“ताई, गाणं गेलं काय?” एकाने विचारलं.

गाणं नव्हतं गेलं. त्या ट्रॅकची बेसलाइन रुंद वाटावी म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूला एकमेकींच्या उलट ठेवलेली. हेडफोनवर झकास. मंडपाचा अॅम्प्लिफायर दोन्ही बाजू एकत्र करतो, त्या एकमेकींना खाऊन टाकतात. वीस वर्षं आवाजात काम करूनही मी मोनोवर ऐकून बघितलं नव्हतं. कलाकाराला कळवलं, त्याने 120 हर्ट्झच्या खालचं सगळं मधोमध आणून नवी फाइल दिली. तुमच्या गल्लीत मंडप नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बाजू एकत्र करून ऐका, पण ऐका.

मास्टरिंग, म्हणजे सगळ्याचा आवाज शेवटचा जुळवून घेणं, डिसेंबरमध्ये, गोरेगावला. ट्रॅकला पंधराशे आणि अखंड मिक्सचे आठ हजार. अकरा ट्रॅक अकरा जागी, वेगवेगळ्या वर्षी झालेले. एक हळू, एक कानठळ्या. मला वाटलं होतं हळूवाले वर आणतील. मास्टरिंगवाल्या दादांनी कानठळ्यावाले खाली आणले. “दाबून मोठा केलेला परत सुटत नाही,” म्हणाले, “आणि ऑनलाइनवाले शेवटी एका पातळीला आणतातच.” दोन बैठकींत झालं. दुसऱ्या बैठकीत पाच तास आम्ही त्या बिनठेक्याच्या तुकड्याची पातळी ठरवत होतो. अर्धा डेसिबल वर, अर्धा खाली.

जानेवारी 2025, वितरक. चौघांना विचारलं, दोघे इतरांचे ट्रॅक असलेला संग्रह घेतच नाहीत. तिसऱ्याने सगळे परवाने मागितले, आणि मला उलट तेच बरं वाटलं. पहिली खेप नऊ दिवसांनी परत आली. कारणं तीन. अल्बमचा कलाकार ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’ हवा, पण प्रत्येक ट्रॅकवर त्याचं त्याचं नाव, मी सगळीकडे एकच टाकलं होतं. मुखपृष्ठावर लेबलांची बोधचिन्हं चालत नाहीत. आणि आयएसआरसी. प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा हा बारा अक्षरांचा क्रमांक असतो. मूळ ट्रॅक जसाच्या तसा घेतला तर जुनाच क्रमांक, पण कापलेला किंवा मिक्समध्ये गुंफलेला असेल तर ते नवं ध्वनिमुद्रण, त्याला नवा. मी जुनेच टाकले होते.

दुसरी खेप गेली, आणि तिच्यात मी सगळ्यात मोठी घोडचूक केली. एका चौकटीत विचारलं होतं, व्हिडिओंवर हे संगीत कुणी वापरलं तर ओळखून कमाई घ्यायची का. मी भाबडेपणाने हो म्हटलं. प्रकाशनानंतर दोन दिवसांत करी रोडच्या पोराचा फोन: “ताई, माझ्याच चॅनेलवर माझ्याच ट्रॅकचे पैसे तुम्ही मागताय.” हक्क अनन्य नसतील तर ती चौकट रिकामी ठेवायची असते. सोडवायला बारा दिवस लागले आणि अकरा जणांना माफीचे मेल. ते मेल पहिल्यांदाच एका ओळीचे लिहिले.

सीडी शंभर काढल्या, साडेसात हजारांत. पाच-पाच कलाकारांना, बाकीच्या वाटल्या. दादाने पुण्याहून फोन करून सांगितलं की त्याच्याकडे सीडी वाजवायचं यंत्रच नाही. बाबांनी एकदा सलग ऐकली, चश्मा काढून. सातव्याला मान हलली. नवव्यानंतर म्हणाले, “फार पळवतेस.” खरं आहे, शेवटचे दोन 136 आणि 138 आहेत, त्यातला एक 134 चा असता तर बरं झालं असतं.

करारानुसार दर सहामाहीनंतर साठ दिवसांत हिशेब द्यायचा आहे. 30 जून 2025 पर्यंत वितरकाकडून आले 2,146 रुपये. त्याचे निम्मे 1,073. त्याचे अकरा भाग केले की प्रत्येकी 97 रुपये 55 पैसे. आगाऊ रकमेतून वळते होणार, म्हणजे कुणाच्या हातात काही पडणार नाही, तरी पत्रक प्रत्येकाला पाठवावंच लागतं. ठाण्याच्या पोरालाही एक प्रत पाठवतेय, त्याचा ट्रॅक नसला तरी. त्याने मागितलीय. 2025 चे गणपती 27 ऑगस्टला, पत्रकांची शेवटची तारीख 29. एक्सेलमधल्या चार ओळी भरून झाल्यात, सात राहिल्यात.